हात लावून पाहिलेली गाडी

त्याला गल्लीत कुणी नावाने हाक मारत नसे. सगळे त्याला थर्मामीटर म्हणत, आणि वरवर कितीही कुरकुर केली तरी त्याला ते मनातून आवडायचे. गाडी कुठे तापते आहे हे तो नुसता हात लावून सांगायचा. चाकाचा हब असो, पंप असो की वायरिंगची जुडी, बोटांची मागची बाजू टेकवायची, डोळे अर्धे मिटायचे आणि निकाल द्यायचा. त्या निकालावर कुणी वाद घातला, तर मात्र त्याचे स्वतःचे डोके तापलेले हात न लावताही कळायचे. घर गॅरेजच्या मागेच होते, आणि गॅरेजला लागून टायरवाल्याचे दुकान होते. त्याने एकदा तापमान मोजायची छोटी बंदूक याला भेट दिली होती. ती अजून खोक्यातच पडून होती.

अलीकडे एक गोष्ट तो कुणाला सांगत नव्हता. सकाळी उठल्यावर बोटे जड वाटायची, मुंग्या यायच्या. मग हळूहळू मुंग्या यायच्याही बंद झाल्या, आणि मुंग्या थांबल्या म्हणजे बरे झाले असे त्याने स्वतःच ठरवून टाकले. बायको रक्त तपासून घ्या म्हणून हात धुऊन मागे लागली होती.

"तुमच्या घरात सगळ्यांना साखर आहे," ती म्हणायची.

"माझ्या घरात तू आहेस. साखर कुठून येणार?" असे म्हणून तो विषय उडवून लावायचा. तीही हसायची, आणि विषय तिथेच राहायचा.

मुलगी तान्ह्या बाळाला घेऊन माहेरी आली होती, आता परत निघायची होती. तिचे घर घाटापलीकडे. येताना तिच्या डिझेल गाडीने वाटेत दम टाकला होता. पिवळा दिवा लागला, गाडी चढावर रांगायला लागली, थोडा वेळ उभी केल्यावर पुन्हा नीट चालली. "बाबा, दुरुस्त होत नसेल तर राहू द्या, मी बसने जाते," ती म्हणाली. बापाचे गॅरेज असताना पोरगी बसने जाणार! हे त्याच्या जिव्हारी लागले. उद्या सकाळी तू याच गाडीने जाशील, असे त्याने तिथल्या तिथे सांगून टाकले.

गाडी गावाबाहेर लांबवर पळवून आणून त्याने स्कॅनर जोडला. दोष सरळ होता. टाकीकडे परत जाणाऱ्या डिझेलच्या पाइपावर एक बोटाएवढा सेन्सर असतो. डिझेल किती तापले ते तो गाडीच्या कॉम्प्युटरला कळवतो, आणि फार तापले तर कॉम्प्युटर इंजिनाचा जोर कमी करतो. स्कॅनरवर डिझेलचा आकडा शंभरीला टेकला होता.

"एवढं कसं तापेल?" म्हणत त्याने सेन्सरचा प्लग उपसला. आकडा धाडकन शून्याच्या खाली गेला. म्हणजे वायर कुठे बॉडीला चिकटलेली नाही, कॉम्प्युटरही शुद्धीवर आहे. आता दोनच गोष्टी उरल्या. एक तर सेन्सर खोटे बोलतोय, नाही तर डिझेल खरेच एवढे तापले आहे. हे ठरवायला कुणाही मेकॅनिकने एखादे साधन घेतले असते. त्याने हात घेतला. पाइपावर बोटे टेकवली आणि बराच वेळ तशीच ठेवली, मुलीची गाडी होती ना.

"कोमट आहे," तो म्हणाला. "सेन्सर गेलाय."

टायरवाला दारात चहा घेऊन उभा होता. "अरे, ती बंदूक लावून बघ की. खोक्यात अंडी उबवायला ठेवलीस का?"

"तुझ्या टायरांना लाव बंदूक. मला धंदा शिकवू नकोस."

टायरवाला हसून दुकानात परतला. खरे तर त्या वेळी कुणीतरी त्याचे मनगट धरून तो हात उजेडात बघायला हवा होता. पण गॅरेजात दुसरे कुणी नव्हते, आणि असते तरी त्याच्या हाताला हात घालण्याची हिंमत कुणाची झाली असती?

त्याने नवा सेन्सर आणून बसवला, गाडी पुन्हा पळवून आणली. आकडा पुन्हा शंभरीला. त्याने कपाळावर हात मारला. हाही खोक्यातूनच मेलेला आला म्हणायचा. मग तो हट्टाला पेटला. वायरी एक एक करून हलवून पाहिल्या. मीटर लावून व्होल्टेज बघितले, अर्थिंग बघितले, प्लगच्या पिना घासल्या. कुठेही खोट नव्हती. जुना सेन्सर, नवा सेन्सर, वायर, कॉम्प्युटर, सगळे एका सुरात डिझेल तापल्याचे सांगत होते. उलट सांगणारे फक्त त्याचे बोट होते, आणि त्या बोटावर शंका घ्यायची पद्धत त्या गॅरेजात नव्हती.

शेवटी त्याने सेन्सरचा प्लग काढला आणि त्याच्या दोन वायरींमध्ये एक चिमुकला रेझिस्टर जोडला. असा रेझिस्टर तपासणीपुरता लावतात, कारण तो असला की कॉम्प्युटरला डिझेलचे तापमान कायम एकच, अगदी बेताचे दिसते. काम झाले की काढून टाकायचा असतो. त्याने तो सोल्डर करून, वर टेप गुंडाळून तसाच ठेवला. खरा सेन्सर सवडीने मागवू, तोवर पोरगी घरी तर पोचेल. दिवा विझला. गाडी वाऱ्यासारखी पळाली. त्या संध्याकाळी तो जेवताना गाणे गुणगुणत होता.

सकाळी मुलगी निघाली. बाळाला मागच्या सीटवर नीट बांधले, आजीने दोनदा पट्टा तपासला, आजोबांनी बॉनेटवर थाप मारली. "बाबा, नक्की ना?" तिने विचारले. "मी हात लावून पाहिलीय," तो म्हणाला, आणि ती निर्धास्त होऊन गेली.

तासाभराने तो हात धुवायला मोरीत गेला. बायको टॉवेल द्यायला आली आणि तशीच थबकली.

"अहो, हे काय भाजलं?"

"कुठे काय?"

तिने त्याचा हात उजेडात धरला. तीन बोटांच्या मागच्या बाजूला ओळीने टरारून फोड आले होते. एक फुटून त्याची कातडी लोंबत होती. तिने त्याच्या कडेला हलकेच बोट लावले आणि स्वतःच अंग चोरले. "दुखत नाही?"

त्याने मान हलवली. खरेच दुखत नव्हते. सोल्डरिंग आयर्नचा चटका असेल म्हणून त्याने निरखून पाहिले. पण त्याच्या टोकाचा चटका ठिपक्याएवढा असतो. हा तिन्ही बोटांवरून गेलेला सरळ पट्टा होता, पाइपाच्या जाडीचा. सेन्सर खरे बोलत होता. दोन्ही सेन्सर खरे बोलत होते. डिझेल खरोखर तापत होते, आणि ते ओरडून सांगणाऱ्याचे तोंड त्याने स्वतःच्या हाताने बंद करून ठेवले होते.

त्याने फोन लावला. रिंग वाजत राहिली आणि थांबली. पुन्हा लावला. बायको विचारत होती, काय झालं, बोला ना काहीतरी, आणि तो नुसता नंबर दाबत होता. आयुष्यात तो इतका घाबरला नव्हता. तिसऱ्या वेळी मुलीचा आवाज आला.

"बाबा, घाटात आहे मी. काय मस्त चढतेय गाडी! एकदाही दमली नाही."

म्हणजे इंजिनाचा जोर कमी होत नव्हता, आणि डिझेल तापतच चालले होते. "वास येतोय का कसला?"

"डिझेलचा येतोय थोडा. पुढे टँकर आहे, त्याचा असेल."

"गाडी कडेला घे. बंद कर. बाळाला घेऊन बाहेर पड."

"इथे? वळण आहे बाबा. आणि तुम्हीच तर हात लावून पाहिलीत ना?"

"चुकलो मी." बायकोने चमकून वर पाहिले. "माझ्या हाताला कळत नाही गं. पाइपाने बोटं भाजली तरी मला कळलं नाही. थांबव गाडी, पाया पडतो तुझ्या."

मग फोनवर इंडिकेटरची टकटक आली, इंजिन बंद झाले, दार उघडले. पट्टा निघत नव्हता बहुतेक, ती पुटपुटत होती. बाळ जागे होऊन रडायला लागले. "बाबा, बॉनेटच्या फटीतून धूर येतोय!"

"उघडू नकोस. पळ. मागच्या बाजूला, लांब."

नुसता धावण्याचा आवाज, धापा, आणि बाळाचे रडणे. बायकोने त्याचा दंड इतका घट्ट धरला होता की नखे रुतली. कुणी तरी ओरडले, भक्क असा आवाज झाला. तो फोनमध्ये तिला हाका मारत राहिला. शेवटी ती बोलली. ती आणि बाळ कठड्यापाशी होती. तापून सैल पडलेला पाइप निसटून डिझेल सायलेन्सरवर उडाले होते, पुढचा भाग पेटला होता. टँकरचा ड्रायव्हर आग विझवायचे नळकांडे घेऊन धावला होता. मायलेकरांना काही झाले नव्हते.

बायकोने फोन हिसकावून घेतला आणि मुलीशी बोलता बोलता रडायला लागली. गलका ऐकून टायरवाला धावत आला. सगळे ऐकून त्याने छातीवर हात ठेवला. "वाचली पोर. वाचलास तू. आता कशाला तोंड पाडून बसलायस?"

तो मोरीच्या उंबऱ्यावर बसून बोटांकडे बघत होता. मुंग्या कधी थांबल्या ते त्याला आठवत नव्हते. आठवत होत्या त्या गाड्या. तेव्हापासून या हाताखालून किती गेल्या असतील? टॅक्सी, भाजीचा टेम्पो, आणि गेल्याच आठवड्यात ती शाळेची व्हॅन. मागच्या चाकाला जळका वास येतोय अशी ड्रायव्हरची तक्रार होती. त्याने ब्रेकच्या ड्रमला बोटे टेकवली होती, काही नाही, गार आहे म्हणून हसला होता, आणि ड्रायव्हर त्याला दुवा देत निघून गेला होता.

भिंतीवरच्या घड्याळात शाळा भरायची वेळ झाली होती. तो उठला आणि बायको बोलत असतानाच तिच्या कानापासून फोन ओढून घेतला. "अहो, पोरगी बोलतेय!" ती किंचाळली. त्याने फोन कापला आणि व्हॅनच्या ड्रायव्हरचा नंबर लावला.

पलीकडून आधी मुलांचा कलकलाट ऐकू आला, मग ड्रायव्हर. "बोला मेस्त्री. जरा लवकर बोला, टेकडीच्या उतारावर आहे."