बुडीआधीचं बक्षीस

मी धरणावर पाणबुड्या होतो. पाण्याखाली माझा श्वास वरच्या हवेच्या हातपंपातून रबरी नळीने यायचा. तो पंप दुरुस्त करणारा मिस्त्री अकोल्याच्या जुन्या शहरात होता, आणि दर दोन महिन्यांनी मी पंप घेऊन त्याच्याकडे जायचो.

माणूस कमी बोलायचा. चामड्याचं प्रत्येक वायसर बसवण्याआधी गालाला लावून बघायचा. कशासाठी, ते मला कधी कळलं नाही. काम झालं की नळीला जोडलेला माझाच मुखवटा स्वतःच्या तोंडावर चढवायचा, पाण्याच्या टाक्यात डोकं घालायचा आणि त्याआधी एवढंच म्हणायचा, "मारा पंप."

मजुरीच्या वर त्याला काही बक्षीस द्यावं का, हा माझा जुना घोळ. दिलं तर रागावेल. नाही दिलं तर एखादा स्क्रू सैल राहील, अशी भीती. एकदा पंप मारता मारता मी खिशातला रुपया चाचपला आणि हात थांबला. टाक्यावर दोनदा थाप पडली. मी घाबरून जोरजोरात पंप मारू लागलो.

तो सावकाश बाहेर आला, दाढी पुसली. मी ओशाळून रुपया पुढे केला.

"हे देऊ का नोको, याचाच इचार करून राहिले होते का तुमी?"

मी मान डोलावली. त्याने रुपया माझ्याच खिशात परत टाकला.

"मले नोको. तिकडं तुमचा पंप जो मारते, त्याले द्या. पन बुडी माराच्या आधी नाई. वर आल्यावर."