हरवलं कोण होतं? डोणगाव ते सुलतानपूर आणि परत

वडील गेल्यावर माझ्या मुलींसाठी त्यांच्याबद्दल चार पानं लिहून ठेवावीत म्हणून मी बसले, तर सात ओळींत सगळं संपलं. जन्म, शाळा, नोकरी, बदल्या. एवढं तर पेन्शनच्या कागदांतही होतं. त्यांच्या लहानपणाचं मला काहीच ठाऊक नव्हतं. सांगू शकतील अशी दोनच माणसं उरली होती: डोणगावची सगुणाआत्या आणि सुलतानपूरचे मोठेबाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ. दोघंही सत्तरीला टेकलेली, आणि गेली चौदा वर्षं एकमेकांशी एक शब्द न बोललेली. नाताळच्या सुट्टीत मी शिकवते ती शाळा बंद झाली तशी मी एक जाड वही आणि दोन पेन्सिली घेऊन खामगावहून निघाले.

खामगाव ते मेहकर सर्व्हिस मोटार आहे. सुटायची वेळ सकाळी सातची सांगतात. ती भरली की सुटते आणि त्या दिवशी नऊला भरली. जाणाऱ्यांनी ड्रायव्हरच्या मागची जागा धरावी, कारण सर्वांत मागच्या बाकावर बसलेला माणूस मेहकरात उतरतो तो धुळीचाच झालेला असतो. माझ्या शेजारी मिरच्यांचं पोतं होतं, त्यामुळे मी घाट येईपर्यंत शिंकत होते. घाटात मोटारच दमली. इंजिनातून वाफ निघाली आणि ड्रायव्हरने शांतपणे हुकूम सोडला, "उतरा सगळे. गाडी पाणी पिऊन राह्यली."

आम्ही चढ पायी चढलो. "त्या नागपूरवाल्या सायबायले एकदा इथं पायी आणा," एक म्हातारे गृहस्थ धापा टाकत म्हणाले, "मंग पाहा कसा रस्ता होते ते!"

मेहकरला खाणावळीत भाकरी, वांग्याची भाजी आणि ठेचा मिळाला. ठेचा जपून घ्या. पुढे डोणगावपर्यंत एका कापसाच्या रिकाम्या गाडीत जागा मिळाली आणि दिवस कलताना मी आत्याच्या अंगणात पोचले.

आत्या सुपात तुरीची डाळ निवडत होती. डाळीकडे मात्र पाहत नव्हती. खडे बोटांनीच शोधत होती. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरले होते. माझा चेहरा तिने हातांनी चाचपला आणि म्हणाली, "नाक आपल्याच घरचं हाये. बस."

वहीचं ऐकल्यावर तिने सूप बाजूला सारलं. "पयले देऊळगावच्या जत्रेचं लिही. बालाजीच्या जत्रेत आई आम्हाले घेऊन गेली होती. दादा आठ वर्षांचा, मी सहाची, अन् तुहा बाप आईच्या कडेवर. तिथं दादा हरवला. मी नाई, दादा! मीच त्याले शोधून आणला."

मला हसू आलं, कारण मोठेबाबा ही गोष्ट उलटी सांगतात हे मी ऐकून होते. चौदा वर्षांच्या अबोल्याचं मूळही तेच होतं. आत्याच्या मुलाच्या लग्नात भरल्या पंगतीत मोठेबाबांनी नव्या व्याह्यांना सांगितलं, की ही जत्रेत हरवली होती आणि जिलबीवाल्याच्या टोपलीपाशी नाक पुसत रडत उभी होती. सगळी पंगत हसली. आत्या पान वाढायचं सोडून आत गेली ती मोठेबाबा गावाबाहेर पडेपर्यंत बाहेर आलीच नाही.

"हसू नको व," आत्या म्हणाली. "मी मेल्यावर त्याचंच खरं होईन. म्हणून तर लिही म्हणतो. अन् माह्या डोळ्याचं त्याले सांगू नको. मले त्याची कीव नाई पाहिजे."

मी तिचे शब्द जसेच्या तसे उतरवून घेतले.

दुसऱ्या दिवशी परत मेहकर, तिथून पैनगंगा ओलांडून सुलतानपूर. थंडीत पात्रात पाणी थोडं असतं. चप्पल हातात घ्यायची तयारी ठेवावी. मोठेबाबा मळ्यात वांग्यांना पाणी देत होते. दोन दिवस त्यांनी पोटभर सांगितलं: वडील झाडावरून पडले ते, वडिलांनी मास्तरांचं पागोटं लपवलं ते. माझी पेन्सिल झिजली. तिसऱ्या दिवशी ते म्हणाले, "आता वाचून दाखव, सगुणीनं काय सांगतलं?"

मी जत्रेचं पान वाचलं. त्यांच्या मिशा थरथरल्या.

"मी हरवलो? मी? अन् हे असंच वहीत राह्यन? पोरासोरायले असंच कळन?"

"तुमचंही लिहिते ना, मोठेबाबा."

"दोन-दोन खरं कसं असन व? चाल, बस गाडीत."

त्यांनी स्वतः बैल जुंपले. सुलतानपूर ते डोणगाव बैलगाडीने पुरता दिवस जातो. वाटेत मेहकरला शिदोरी सोडली, पण त्यांचं जेवणात लक्ष नव्हतं. बहिणीला काय काय सुनावायचं त्याची ते तालीम करत होते. मधूनच बैलांनाच म्हणत, "जिलबीची टोपली कोणाले आठवते? मले! मंग?"

अंगणात शिरताना ते मुद्दाम खाकरले. आत्याने मान वर केली. "कोण हाये?"

मोठेबाबा तिच्यासमोर चार हातांच्या अंतरावर उभे होते. ऊन त्यांच्या तोंडावर होतं. आत्या त्यांच्या खांद्यापलीकडे कुठेतरी पाहत राहिली. दिवसभर घोटलेलं त्यांचं भाषण कुठे गेलं कोण जाणे.

"सगुणे, मी हावो," ते कसेबसे म्हणाले.

आत्याचे हात सुपातच थांबले. "काऊन आला?"

मोठेबाबा जमिनीवरच बसले आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "लिही. मीच हरवलो होतो. तिचं खरं हाये."

मला वाटलं आता आत्या विरघळेल. ती कडाडली. "डोळे पाहून दया करून राह्यला का माह्यावर? वहीत खोटं लिहायचं नाई! मीच हरवली होती. जिलबीच्या टोपलीपाशीच रडत होती. बस?"

"नाई," मोठेबाबा हळूच म्हणाले. "मी माकडवाल्याचा खेळ पाहत थांबलो, अन् तुहा हात सुटला. मंग मलेही कोणी दिसना. सगुणे, मी तुले शोधत नव्हतो. मी आईले शोधून राह्यलो होतो. तू मधीच सापडली."

आत्याला असं हसू फुटलं की सुपातली डाळ अंगणभर झाली. "म्हंजे दोघंही?"

"दोघंही."

मग दोघं मिळून सांगू लागली. आजीने दवंडीवाल्याला गाठलं होतं. तो विचारी, "पोरं कोणाची?" नवऱ्याचं नाव आजी कसं घेणार? आजोबा सोनाजी. तिने मंगळसूत्रातला सोन्याचा मणी चिमटीत धरून पुढे केला. त्याने खुशाल दवंडी पिटली, "मणीरामची दोन पोरं हरवली हो!" ती मणीरामची पोरं दवंडी ऐकत शेजारूनच गेली. शेवटी आजीने दवंडीवाल्याचं डफडं हिसकून घेतलं, स्वतः बडवलं आणि "सगुणेऽ" म्हणून अशी हाक मारली की जत्रा थांबली.

"आजीचं नाव काय हो?" मी विचारलं. आईला आई म्हणण्यापलीकडे दोघांनाही कधी काही लागलंच नव्हतं. शेवटी आत्या म्हणाली, "मामा तिले गोदे म्हणत." मी लिहून घेतलं.

घरी आल्यावर ह्यांनी (मी तरी कुठे नाव घेते आहे!) विचारलं, "मग, सासरेबुवा सापडले का?" थोडे सापडले. जत्रेत मात्र ते अख्खा वेळ आजीच्या कडेवर झोपले होते. मी आणायला गेले वडिलांना, आणि घेऊन आले डफडं बडवणाऱ्या गोदेला. तिचा फोटो नाही, तिची एकही वस्तू नाही. आता तीन पानं आहेत.

मोठेबाबा सुलतानपूरला परतलेच नाहीत. त्यांनी आत्याला अकोल्याला नेऊन एका डोळ्याचा मोतीबिंदू काढवला. परवा दोघांचं मिळून कार्ड आलं. सांगणारी आत्या, लिहिणारे मोठेबाबा. "मला आता बरं दिसतं. दादा फार म्हातारा झालेला दिसला," असं आत्याने सांगितलेलं, आणि त्याच्या शेजारी समासात आडव्या, बारीक अक्षरात मोठेबाबांचं: "हे खरं नाही."

आठवणी लिहायला कोणी निघणार असेल, तर वहीत समास मोठा सोडावा.