रजिस्टरातला ताप

"हिला काय विचारता? ही बादल्या उचलायची आमच्याकडे."

डॉक्टरसाहेब माईकवरून बोलले आणि सभागृह हसलं. मोठ्याने नाही, भले लोक हसतात तेवढंच. माझी माय पहिल्या रांगेत कडेच्या खुर्चीवर बसली होती. पंच्याहत्तरीची बाई, धुवट साडी, मांडीवर पिशवी. मी तिच्या शेजारी उभी होते. मीही हसले. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं ऐकून कोणी मला शूर म्हणणार नाही.

भोपाळमधल्या मराठी मंडळाने एकाहत्तरच्या लढाईच्या आठवणींचा कार्यक्रम ठेवला होता. उत्सवमूर्ती डॉक्टरसाहेब. पूर्व बंगालातून जीव घेऊन पळालेली माणसं आपल्याकडे छावण्यांत ठेवली होती, त्यातल्या एका छावणीत ते तरुणपणी सरकारी डॉक्टर होते. माय त्याच दवाखान्यात आया होती. भंडाऱ्याकडची, विशीतली, आमच्या जातीची. आमच्या जातीच्या बाईला याहून वेगळं काम कोण देणार होतं? पुढे वडलांची बदली झाली, आम्ही भोपाळला आलो. साहेबांनी एम. पी. नगरात स्वतःचं हॉस्पिटल काढलं आणि मला तिथे टायपिस्ट म्हणून ठेवलं. बावीस वर्षं झाली. "तुझ्या आईकडे बघून ठेवलंय तुला," हे ते चारचौघांत ऐकवायचे. मी मान खाली घालून हसायचे. हसायची मला सवयच लागली होती.

त्या दिवशी ढाक्याहून एक बाई आल्या होत्या. तिकडे इतक्या वर्षांनी खटले चालू आहेत. ज्यांनी पाकिस्तानी फौजेला घरं दाखवली, शेजारच्या पोरी ओढून दिल्या, ती माणसं म्हातारी होऊन कोर्टात उभी आहेत. बाई साक्षी गोळा करत होत्या. छावणीत काम केलेलं कोणी जिवंत आहे का, असं विचारत त्या आमच्यापर्यंत पोचल्या. मायचं नाव त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. साहेबांनी नव्हे.

बादल्यांवरचा हशा ओसरल्यावर बाईंनी मोडक्या हिंदीत विचारलं, छावणीत आलेल्या बायकांवर अत्याचार झाले होते का, तुम्हाला काय आठवतं? माय चारचौघांत बोलत नाही, म्हणून तिचं ऐकून माईकवर सांगायचं काम माझ्याकडे होतं. मायने तोंड उघडायच्या आत साहेब माझ्याकडे झुकले. माईकवर हात ठेवला.

"वय झालंय, आठवत नाही म्हणून सांग. विषय संपव. उद्या ड्युटीवर यायचंय ना?"

मी माईक घेतला आणि म्हणाले, "माँ को अब कुछ याद नहीं रहता."

मायने माझ्याकडे पाहिलं. साहेबांनी बादल्या काढल्या तेव्हा तिचा चेहरा हलला नव्हता. आता हलला. ती उठली, सरळ त्या बाईंसमोर जाऊन उभी राहिली आणि बंगालीत बोलायला लागली.

तिला बंगाली येतं हे मला ठाऊकच नव्हतं. जन्मभर एका घरात राहून ठाऊक नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं. शाळेत मी तिला नर्स म्हणून खपवलं होतं, आणि खरं काय ते ऐकायची माझी तयारी नव्हती.

ती काय बोलली ते मला नंतर बाईंकडून कळलं. माझी आजी सुईण होती. बाळंतिणीला न्हाऊ घालताना पहिल्या तांब्याला ती तिच्या माहेरच्या गावाचं नाव विचारायची आणि ते नाव घेऊन पाणी ओतायची. छावणीतल्या त्या बायका पुरुष डॉक्टरला जवळ येऊ देत नव्हत्या. त्यांना धुवायचं काम मायकडे. तिला एकच रीत माहीत होती, तीच तिने तिथे चालवली. अंगावर चाव्यांचे व्रण असलेल्या, रक्त न थांबणाऱ्या बायकांना ती माहेरचं गाव विचारायची आणि त्या गावाच्या नावाने पाणी घालायची. गावाचं नाव तोंडातून निघालं की त्या बोलू लागायच्या. कोण आलं, कोणी दार दाखवलं, कोणी पाय धरून ठेवले. काही बोलता बोलता तिच्या हातातच गेल्या. मायच्या डोक्यात ते सगळं गावागावाने बसलं होतं.

एका नावापाशी बाईंचं पेन थांबलं. तो माणूस आत्ता कोर्टात उभा आहे, असं त्या हिंदीत म्हणाल्या.

"बस झालं!" साहेब ओरडले. मग आवाज गोड केला. "छावणीच्या दवाखान्याचं रजिस्टर मी लिहिलंय. त्यात असलं काही नाही. ताप आणि अशक्तपणा, एवढंच आहे. आणि हिच्या अंगठ्यावर तुम्ही कोणाला फाशी देणार?"

पुन्हा हशा. या वेळी जरा मोकळा.

बाई शांतपणे म्हणाल्या, त्या माणसाचा वकील हेच रजिस्टर दाखवतो. भारतातल्या डॉक्टरने ताप लिहिलाय, मग अत्याचार झाले कुठे, असं विचारतो. रजिस्टर खोटं आहे हे सांगणारं दुसरं कोणी मिळालं नाही, तर तो सुटेल.

दुसरं कोणी म्हणजे मी होते. मंडळाच्या स्मरणग्रंथासाठी साहेबांचा लेख मीच टाईप केला होता. त्यांच्या हाताने लिहिलेल्या पानावर एक वाक्य होतं: 'अशा स्त्रियांची बदनामी नको म्हणून आम्ही त्यांच्या नावापुढे ताप लिहीत असू.' ते त्यांनी खोडलं होतं आणि त्याच्या जागी लिहिलं होतं की आमच्या छावणीत असा एकही प्रकार आढळला नाही. टायपिस्टला खोडलेलंही वाचावं लागतं, नाहीतर मजकूर कुठून कुठे जोडायचा ते कळत नाही. मी वाचलं, वगळलं आणि वर शुद्धलेखन तपासून दिलं. लेख छापून येईपर्यंत मूळ पानं फेकायची नाहीत, ही आमच्या कामाची शिस्त. पान माझ्याकडेच होतं.

मी म्हणाले, "सर, तुम्ही खोडलेलं वाक्य मी वाचलंय. ते पान माझ्याकडे आहे."

"कोणाशी बोलतेयस तू? तुझ्या आईला मी घाणीतून वर काढलं."

"घाण ती काढत होती, सर. तुम्ही ताप लिहीत होता."

कोणी हसलं नाही. मंडळाचे सेक्रेटरी घाईघाईने पुढे आले आणि म्हणाले, "ताई, कार्यक्रम खराब करू नका. चला, नाश्ता लागलाय." आणि लोक खरंच उठून नाश्त्याला गेले.

आम्ही कोलार रोडला घरी पोचलो. मी म्हणाले, माय, चुकलं माझं. तेव्हा म्हणाली, "तुले माही शरम वाटते, ते मले ठाऊक होतं. पण तू मले चार लोकांत येडी ठरवशीन, असं नोतं वाटलं. उद्या मी त्या बाईपाशी जातो. तू दाराबाहेर बसजो."

मी दाराबाहेर बसले. बाई उतरल्या होत्या त्या गेस्ट हाऊसच्या बाकावर सकाळपासून दुपारपर्यंत. तेवढ्यात हॉस्पिटलमधून फोन आला, उद्यापासून येऊ नका, साहेबांच्या लेखाची फाईल जमा करा. मी फाईल जमा केली नाही. मायने मला माफ केलेलं नाही. माझ्या हातचं जेवते, पण बोलत नाही. तिने बोलावं अशी माझी अपेक्षाही नाही.

त्या दुपारी ती बाहेर आल्यावर मी आत गेले. बाईंनी विचारलं, कुठून सुरुवात करायची? मी म्हणाले, आधी हे लिहा की काल मी खोटं बोलले.

खोडलेलं पान त्यांच्याकडे दिलं. बोलावणं आलं तर मी ढाक्याला जाणार आहे. तिथे तो वकील विचारेल, तुम्हीच तर म्हणाला होतात, आईला काही आठवत नाही. विचारू दे. हो, म्हणाले होते, असं सांगेन. नोकरी जाईल या भीतीने म्हणाले होते, तेही सांगेन. आणि मग ताप कोणी लिहिला, ते त्याच्या तोंडावर साहेबांचं नाव घेऊन सांगेन.