ड्रायव्हरचं ताट

सकाळी अकराच्या सुमारास धुकं दरीतून वर चढत खाणावळीच्या दारात यायचं, आणि त्यात नासारियाबाईंना बसच्या ब्रेकचा आवाज ऐकू यायचा. बस नसायचीच. खालून बोगदे फोडून नवा हमरस्ता निघाला त्याला वर्ष होत आलं होतं. पूर्वी ओआहाका शहरातून समुद्रावर जायला सात तास लागत. आता तीन तासांत लोक पाण्यात पाय सोडून बसतात. मधल्या डोंगरातल्या गावाचं काय, हे कुणी विचारलंच नाही.

हे गाव वळणांवर जगलं. गरगरलेले प्रवासी भिंत धरत उतरायचे, बाई आधी मीठ लावलेलं लिंबू त्यांच्या हातात द्यायच्या, मग कोंबडीचा रस्सा. बस घेऊन येणाऱ्या ड्रायव्हरचं जेवण फुकट, ही या रस्त्याची रीत. एलेउतेरियोचं ताट तर बावीस वर्षं ठरलेलं: काळा घेवडा, मक्याच्या चार भाकऱ्या, कडेला मिरची. बस बंद झाली तरी बाई ते रोज वाढायच्या आणि फडक्याखाली झाकून ठेवायच्या.

"भूत जेवायला येतं वाटतं तुमच्याकडे," शेजारीण इल्दा म्हणायची.

"येऊ दे की. तेही दमूनच येणार, इतकी वळणं चढून."

मुलगी कास्तुला समुद्रकाठच्या हॉटेलात कामाला होती. नव्या रस्त्यानं तिकडे माणसांचा पूर आणला होता. "आई, इथे चूल मांड, लोक रांग लावतील," असा दर रविवारी तिचा फोन. पण इथली चूल विझवली आणि दुसऱ्याच दिवशी बस आली तर? बाईंचा पाय निघत नव्हता.

एका मंगळवारी धुक्यातला ब्रेक खरा निघाला. बस नव्हती, भाजीची पिकअप होती. तिच्यातून एलेउतेरियो उतरला, सुट्टी काढून मुद्दाम भेटायला आलेला. बाईंचा जीव सुपाएवढा झाला. त्यांनी घाईघाईनं ताटावरचं फडकं काढलं.

तो भिंत धरून उभा होता. चेहरा पांढराफटक.

"बाई, आधी लिंबू द्या हो."

"तुला? थट्टा करतोस म्हातारीची?"

"खरंच गरगरतंय. वर्षभर सरळ रस्त्यानं गाडी हाकतोय. वळणं गेली अंगातून."

लिंबू चोखत तो बाकावर आडवा झाला. "आज घास नाही उतरायचा, रागावू नका," एवढं म्हणेपर्यंत त्याचा डोळा लागला.

बाई रागावल्या नाहीत. त्यांना फार वाईट मात्र वाटलं. बस आता येणार नाही, हे वर्षभर त्यांना कुणी पटवू शकलं नव्हतं. ते या झोपलेल्या माणसानं पटवलं. थोड्या वेळानं त्यांनी ताट स्वतःपुढे ओढलं आणि चारही भाकऱ्या खाल्ल्या. घेवडा जरा खारटच होता. मेल्यानं बावीस वर्षांत एकदाही सांगितलं नव्हतं.

मग रविवारची वाट न बघता त्यांनी फोन लावला. "कास्तुला, जागा बघ तिथे. इथली लिंबं आणू का गं?"

"इथे कुणाला मळमळत नाही, आई."

बाईंनी लिंबं पिशवीत भरायला घेतली. "आणते तरी," म्हणाल्या.