माजिवड्याची थाळी आणि निळ्या झाकणाचा डबा

डोंबिवलीहून ठाण्यातल्या माजिवड्याला जेवायला जाणं म्हणजे काय प्रवास, असं विचारणाऱ्यांनी शनिवारी संध्याकाळी शीळ रस्त्यावर गाडी घालून दाखवावी.

आमची मानपाडा रोडवरची इमारत पुनर्विकासाला चालली आहे. महिनाअखेर घरं रिकामी करायची, म्हणून आम्ही आठ शेजाऱ्यांनी शेवटचं एकत्र जेवण ठरवलं. माझा त्यात एक छुपा डाव होता. समोरच्या वसुधाकाकू एकट्याच असतात. त्या नाशिकला भाच्याकडे निघाल्या होत्या. मी भाड्याने घेतलेल्या घराच्या बरोब्बर खालचं घर रिकामं होतं आणि मालकाला रविवारी उत्तर हवं होतं. ते घ्या म्हटलं की काकू आठवडाभर म्हणत होत्या, "बघू." वीस वर्षांच्या शेजारामुळे मला ठाऊक आहे, त्यांचं 'बघू' म्हणजे 'नाही'.

सहाला निघालो. शीळफाटा, मुंब्रा बायपास, पुढे ट्रकच ट्रक. दीड तास लागला. आमच्या गाडीत स्टिअरिंगवर रवीदादा, आणि काकू, मी, तिसऱ्या मजल्यावरची वसईकर रोझी.

"अरे, मोठागावच्या पुलावरून घ्यायची ना!" रोझी चौथ्यांदा म्हणाली.

"मग तूच चालव!" रवीदादा उखडला.

बरोबर तीच होती. येताना त्याच पुलावरून आलो, पाऊण तासात घर. तुम्ही जातानाही तसेच जा.

"काकू, माझा निळ्या झाकणाचा डबा तुमच्याकडे राहिलाय," मी म्हटलं. "पॅकिंग चाललंय, तेवढा द्या."

"देते गं."

आमच्या मजल्यावर कुणाचं भांडं कधी रिकामं परत गेलेलं नाही. हा डबा शेवटचा, या विचाराने मला एकदम भरून आलं.

हॉटेल अनलिमिटेड थाळीचं. माणशी पाचेकशे रुपये, शनिवारी टेबल आधी सांगून ठेवा. अळूवडी चुकवू नका. भिंतीवर पाटी होती: एका थाळीत एकानेच जेवावे. सगळ्यांच्या ताटात तेच पदार्थ, तरी पाच मिनिटांत काकूंची बासुंदी रोझीकडे, रोझीची अळूवडी माझ्याकडे आणि माझी कढी रवीदादाकडे पोचली होती.

वाढपी धावत आला. "आई, सगळ्यांना तेच वाढलंय. हवं तर अजून आणतो, पण असं इकडचं तिकडे नाही चालत!"

"अरे, मी दिल्याशिवाय हिला गोड लागत नाही," काकू शांतपणे म्हणाल्या.

टेबल खदखदून हसलं. वाढपीही हसला आणि दुसरीकडे बघू लागला.

हीच वेळ, असं वाटून मी विचारलं, "काकू, नाशिकला वाटी कुणाकडे सरकवणार?"

त्या हसल्या नाहीत. पोळीचा तुकडा मोडत म्हणाल्या, "बघू."

खरं सांगते, मला रागच आला. पुरणपोळीवरचं तूपही नकोसं झालं.

रविवारी सकाळी बेल वाजली. दारात काकू, रिकाम्या हाताने.

"डबा?" मी जरा फणकाऱ्यानेच विचारलं.

"रिकामा देऊ की काय? माझी भांडी बांधून झाली, सिलिंडरही काढला. आता तुझ्या खालच्या घरात गॅस जोडला की काहीतरी करते आणि भरून देते. त्या मालकाला फोन लाव आधी."

मी तिथेच उभ्या उभ्या फोन लावला. काकू दारातच उभ्या राहून सांगत होत्या, "आणि डबा न्यायला तू खाली यायचं हं. मी जिना चढणार नाही."