पुढच्या दारानं सोजरबाई

वैरागच्या जोतीराम भडांना सगळे बापू म्हणत. बापू लग्नाचे आचारी. पाचशे पानांपासून तीन हजार पानांपर्यंत कितीही माणसं सांगा, बापू जागेवरून न हलता एवढंच विचारायचे, "आमटी का रस्सा?" दिवसभर चव घेऊन घेऊन त्यांची भूक मरायची. सगळ्या पंगती उठल्या की चुलवणापाशी उभ्यानंच ते अर्धी भाकरी चटणीशी खायचे आणि भांडी मोजून घ्यायला लागायचे. सव्वीस वर्षं हे असंच चाललं होतं आणि त्यात काही वेगळं आहे असं कुणालाच वाटलं नव्हतं, बापूंनाही नाही.

सोजरबाई त्यांची बायको. घरच्या स्वयंपाकाला बापूंनी कधी नावं ठेवली नाहीत. ते काहीच बोलत नसत. सोजरबाई मला म्हणायच्या, "त्यापरीस नावं ठेवल्याली परवडली असती की."

मी तेव्हा वैरागला बायकांचा प्रौढ शिक्षणाचा वर्ग घ्यायचे. दुपारी दोन ते चार, चावडीच्या ओसरीवर. सोजरबाई पहिल्याच दिवशी आल्या आणि मी नाव लिहून घ्यायच्या आत म्हणाल्या, "बाई, मला लग्नपत्रिका वाचाया शिकवा. बाकीचं नंतर बघू."

झालं होतं असं की, एका लग्नाची पत्रिका शेजाऱ्यानं वाचून दाखवली आणि बावीसची तेवीस तारीख सांगितली. बापू कढया, झारे, माणसं घेऊन त्या गावी पोचले तेव्हा मांडव सोडायचं काम चाललं होतं. गावकऱ्यांनी ऐन वेळी दुसरा आचारी उभा केला होता. त्यांनी बापूंना जाताना उरलेली बुंदी बांधून दिली. बापूंनी ती वाटेत एका म्हशीला घातली. म्हशीनं ती खाल्ली, हेही त्यांना आवडलं नाही.

तर सोजरबाई शिकल्या. वय पंचेचाळीसच्या पुढं, पण हट्टानं शिकल्या. दहा महिन्यांनी परीक्षा झाली आणि त्या आमच्या वर्गात पहिल्या आल्या. प्रमाणपत्र घ्यायला सोलापूरला बोलावणं आलं. तिसऱ्या दिवशी बापू म्हणाले, "सोलापुरात तुला हाटेलात जेवाया घालतो. चांगल्या. टेबलावर कापड असल्याल्या."

बाहेरून मला ही गोष्ट छोटी वाटली होती. पण बापूंना जगात दुसऱ्या कुणाच्या हातचं चालत नसे, हे सोजरबाईंना माहीत होतं. त्या म्हणाल्या, "ह्यो माणूस दुसऱ्याच्या हातचं खातो म्हणाला, बाई. सर्टिफिकेटापरीस मला त्याचंच जास्त वाटलं."

ही १९७९ च्या डिसेंबरअखेरची गोष्ट. पौष लागलेला, लग्नं बंद, म्हणून बापू मोकळे होते. मी बरोबर गेले नव्हते. पुढचं सगळं मला दोघांनी वेगवेगळं सांगितलं. त्यात फरक एवढाच, की बापूंच्या म्हणण्यानं त्यांनी तीन हॉटेलं पाहिली आणि सोजरबाईंच्या म्हणण्यानं चार.

एका शाळेच्या सभागृहात कार्यक्रम झाला. सोजरबाईंनी प्रमाणपत्र घेतलं, व्यासपीठावरच उभं राहून ते पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं आणि नाव बरोबर आहे असं पाहुण्यांना सांगून खाली आल्या. एक वाजता दोघं सात रस्ता चौकात आली. प्रमाणपत्राची गुंडाळी सोजरबाईंच्या हातात, आणि बापूंच्या डोक्याला नवा फेटा.

सात रस्त्याच्या आसपास हॉटेलांना तोटा नव्हता. सोजरबाई पहिल्याच हॉटेलच्या पायरीकडं वळल्या तर बापूंनी त्यांना थांबवलं.

"हाटेल फुडनं बघायचं नसतंय. फुडनं समदीच रंगवल्याली असत्यात. तू हितंच हुबी ऱ्हा."

असं म्हणून ते हॉटेलच्या मागच्या बोळात गेले. पाच मिनिटांनी परत आले.

"न्हाय."

"का वो?"

"कांद्याची सालं बघितली. बोटभर जाड. निम्मा कांदा उकिरड्यावर. असल्या हाताला चव नसती."

दुसऱ्या हॉटेलच्या मागून ते लगेच आले. डाळ लवकर शिजावी म्हणून आचारी तिच्यात खायचा सोडा टाकत होता आणि तोही चिमटीनं नाही, मुठीनं. बापू त्याला काहीतरी बोलले असावेत, कारण परत येताना ते जरा घाईत होते आणि मागं वळून पाहत होते.

तिसऱ्या ठिकाणी, म्हणजे सोजरबाईंच्या हिशेबानं तिसऱ्या, बापूंनी बंबाशेजारी बसलेलं मांजर पाहिलं. त्याच्या बरगड्या दिसत होत्या.

"हाटेलात ऱ्हाऊन मांजर वाळलंय," बापू म्हणाले. "मानसाचं काय हुईल?"

तोवर दोन वाजत आले होते. सोजरबाई सकाळी सहाला एक कप चहा घेऊन निघालेल्या. पण त्या कुरकुरल्या नाहीत, कारण त्यांचा वेळ बरा जात होता. बापू मागच्या बाजूला गेले की त्या पुढची पाटी वाचायच्या. पाटी संपली की भिंतीवरच्या सूचना. सोलापुरात एवढं वाचायला असेल याची त्यांना कल्पना नव्हती. रस्त्यानं जाणाऱ्या ट्रकच्या मागचं मात्र पुरतं वाचून होत नसे, म्हणून त्यांना ट्रकचा राग आला.

चौथं हॉटेल मोठं होतं. काचेचं दार, आत पंखे, टेबलांवर पांढरं कापड. बापूंनी एकदा आत डोकावून पाहिलं आणि "आलोच" म्हणून बोळात शिरले. सोजरबाईंनी पाटी वाचली. मग दाराशेजारची सूचना वाचली. 'विनाकारण बसू नये.'

त्यांनी क्षणभर विचार केला. आपल्याला कारण आहे, हे त्यांच्या लक्षात आलं. त्या दार ढकलून आत गेल्या आणि पंख्याखालच्या टेबलाशी खुर्चीवर बसल्या.

मागं बापूंना शिवलिंगप्पा भेटला. अक्कलकोटकडचा आचारी, बापूंच्याच वयाचा, उघडा, खांद्यावर पंचा. दारात परका माणूस खाली वाकून कचरा बघतोय असं पाहून त्यानं कानडीत विचारलं, "येन बेकु?" मग फेटा पाहून मराठीत आला. "काय पाहिजे?"

"काय न्हाय. कांद्याची सालं बघतुया."

"कशाला?"

"पातळ हायत."

शिवलिंगप्पानं हात पुसले. सालांकडं एवढ्या आस्थेनं पाहणारा माणूस त्याला पहिल्यांदाच भेटला होता. त्यानं बापूंना आत बोलावलं. बापूंनी डाळीचं पातेलं पाहिलं, वरचा फेस काढलेला होता. मिरच्या भाजून घेतलेल्या होत्या. मसाला पाट्यावरचा होता. दोघं तीन हजार पानांच्या आमटीबद्दल बोलू लागले. मीठ एकदम घालावं की तीन हप्त्यांत, यावर त्यांचं जुळलं नाही, पण दोघांनाही बरं वाटलं. अर्धा तास गेला. बायकोला रस्त्यावर उभी केली आहे, हे बापूंच्या डोक्यातून पार गेलं होतं.

तेवढ्यात वेटर आत आला आणि भिंतीला टेकून उभा राहिला.

"अण्णा, बाहेर एक बाई बसलीय. अर्धा तास झाला, कार्ड वाचतीय. मोठ्यानं. एक पान झालं, आता मागचं काढलंय. मधेच थांबून विचारती, कटलेट म्हणजे काय? सांगितलं की म्हणती, बरं, आणि फुडं वाचती."

शिवलिंगप्पा म्हणाला, "मागवलं काय?"

"काय न्हाय. म्हणती, समदं वाचून झाल्याबिगर कसं सांगू?"

बापूंनी ताटं बाहेर द्यायच्या खिडकीतून डोकावून पाहिलं. पंख्याखाली, पांढऱ्या कापडावर प्रमाणपत्राची गुंडाळी ठेवून, कार्डावरून बोट फिरवत सोजरबाई वाचत होत्या. शेजारच्या टेबलावरचे दोन वकील जेवायचे थांबून ऐकत होते.

बापू चपला हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारानं बाहेर आले. वेटर मागून ओरडला, "ओ, आचारी मानसांनी तिकडं जायचं न्हाय!"

सोजरबाईंनी वर पाहिलं. "ते माझ्यासंगं हायत," त्या म्हणाल्या.

बापू समोरच्या खुर्चीवर बसले. चपला त्यांनी मांडीवर ठेवल्या. सोजरबाईंनी त्या खाली ठेवायला लावल्या. मग त्यांनी गल्ल्यावरच्या मालकांना बोलावलं.

"हितं दह्याला ऱ्हस्व हि घातलाय," त्या म्हणाल्या. "शेवटची वेलांटी दीर्घ असती. आमच्या बाईंनी सांगितलंय."

मालकांनी कार्ड हातात घेतलं. दहि वडा. त्यांनी ते बरंच लांब धरून पाहिलं, मग जवळ धरून पाहिलं आणि खिशातलं पेन काढून सोजरबाईंपुढं ठेवलं. सोजरबाईंनी छापील अक्षरावर फुली मारली आणि वर 'दही' असं लिहिलं. वर्गाबाहेर त्यांनी लिहिलेला तो पहिला शब्द. मला हे सांगताना त्यांनी हवेत बोटानं वेलांटी काढून दाखवली.

मग त्यांनी टोमॅटो सूप, कटलेट, पुऱ्या, बटाट्याची भाजी, डाळ आणि फ्रूट सॅलड मागवलं. सूप आलं. बापूंनी वास घेतला.

"हे टमाट्याचं सार हाय."

"सूप लिवलंय," सोजरबाई म्हणाल्या.

"मग भात कुठाय?"

वेटर म्हणाला, "आधी नुसतं प्यायचं असतंय, बापू."

बापू ते औषधासारखं प्याले. पण पुऱ्या आल्या तेव्हा ते सावरून बसले. पुऱ्या कढईतून थेट टेबलावर येत होत्या, एकेक, टम्म फुगलेल्या. पलीकडच्या टेबलावर कुणीतरी "पाणी" म्हटलं की बापू उठायचे. दोनदा उठले. दोन्ही वेळा सोजरबाईंनी धोतराचा सोगा धरून त्यांना खाली बसवलं. तिसऱ्या वेळी वेटर डाळीचं भांडं घेऊन बापूंपाशी आला आणि वाकून म्हणाला, "वाढू का?"

बापूंनी वर पाहिलं. वेटर पळी धरून उभा राहिला. सोजरबाईंच्या म्हणण्याप्रमाणे तो बराच वेळ तसाच उभा होता. शेवटी बापू म्हणाले, "वाढा." आणि डाळ वाटीत पडेपर्यंत वाटीकडं बघत राहिले. मी बापूंना विचारलं की त्या वेळी काय मनात आलं, तर ते म्हणाले, "डाळीला हिंग जरा जास्त हुता."

घरी सोजरबाई बापूंच्या नंतर जेवायच्या, आणि लग्नसराईत तर बापू घरी जेवायलाच नसायचे. समोरासमोर बसून जेवायची ही दोघांची पहिलीच वेळ होती. कटलेट खाताना सोजरबाई त्यांच्याकडं बघत होत्या.

"अवं, तुमी नुस्तं डाव्या अंगानं का चावताय?"

"उजवीकडची दाढ दुखती."

"कवापास्नं?"

बापूंनी आठवून पाहिलं. "दोन वर्सं झाली असत्याल."

सोजरबाईंनी हातातला घास खाली ठेवला. दोन वर्षं त्या भाकरी करून वाढत होत्या. भाकरी जरा कडक झाली तर बापू पाण्यात बुडवून खायचे आणि सोजरबाईंना वाटायचं, आपला हात बिघडला. फ्रूट सॅलड आलं, मऊ होतं. त्यांनी आपली वाटीही बापूंपुढं सरकवली. मग उठून गल्ल्याशी गेल्या आणि दातांचा चांगला डॉक्टर कुठं आहे ते मालकांना विचारलं.

शिवलिंगप्पा बाहेर येऊन दोघांना दारापर्यंत सोडायला आला. बापूंनी त्याला हिंगाचं सांगितलं. तो म्हणाला, "आमच्याकडं तेवढाच लागतो." बापू म्हणाले, "लागू दे की." त्यावर दोघांनी हात जोडले.

पुढच्या बुधवारी दोघं पुन्हा सोलापूरला गेली. डॉक्टरांनी दाढ काढली, तोंडात कापसाचा बोळा ठेवला आणि दिवसभर गरम आणि घट्ट काही खायचं नाही, बोलायचं नाही असं बजावलं. बापूंचा गाल इतका सुजला होता की फेटा नीट बसेना. गाडीला अजून दीड तास होता. सोजरबाई सरळ त्याच हॉटेलात गेल्या आणि पंख्याखालच्या टेबलाशी बसल्या. कार्ड मागवलं नाही. "दम आलू-पुरी," त्या वेटरला म्हणाल्या, "आन् ह्यांना गार दूध."

दम आलू आला. बापू दूध पुढ्यात ठेवून समोरच्या वाफेकडं बघत बसले. मग न राहवून बोळा गालात सरकवून म्हणाले, "कसा हाय?"

सोजरबाईंनी पुरीचा तुकडा मोडला, रशात बुडवला आणि सावकाश खाल्ला.

"बोलू नगा म्हणून सांगितलंय डाक्टरनं," त्या म्हणाल्या. "मला जेवू द्या."