शेजारणीचा कडू घास

माणूस गेला की त्या घरात चूल पेटवत नाहीत. नातलग, नाहीतर शेजारपाजारचे पिठलं-भाकरी करून आणतात आणि घरच्यांना बळेबळे दोन घास भरवतात. त्याला कडू घास म्हणतात. माझा मुलगा गेला तेव्हा गावाकडची माणसं अजून वाटेत होती, म्हणून शेजारणीनं पिठलं केलं. विक्रोळीच्या आमच्या चाळीत तिचं दार आणि माझं दार समोरासमोर. तिनं माझी हनुवटी धरली आणि म्हणाली, "खा गं. मनासाठी नको, पोटासाठी खा." मी खाल्लं. तो घास मी इतकी वर्षं उपकारासारखा जपला.

माझ्या मुलाला मारलं ते तिच्याच मुलानं. दोघं बरोबरीचे, लहानपणी एका ताटात जेवलेले. भांडण कशावरून, तर चाळीमागच्या गल्लीत रिक्षा कुणी लावायची यावरून. संध्याकाळची वेळ. बोलाचाली झाली, त्यानं लोखंडी पाना उचलला आणि डोक्यात घातला. हे आम्हाला कळलं पोलिसांनी त्याला उचलल्यावर. तोवर शेजारीण सांगत होती, पोराला ताप आहे, म्हणून मयताला आला नाही. उचलल्यावर माझ्या दारात येऊन रडली. म्हणाली, मला काही ठाऊक नव्हतं. मी मानलं. जिच्या हातचा कडू घास खाल्ला तिला खोटं कसं म्हणायचं? चाळीतल्या बायका म्हणायच्या, हिचं डोकं फिरलंय, खुन्याच्या आईला चहा पाजते. मी म्हणायचे, केलं ते त्यानं, तिनं काय केलं?

खटल्याला मी तारखेला तारीख गेले. वकील बोलले, पोलीस बोलले, डॉक्टर बोलले. ज्यानं मारलं तो मान खाली घालून उभा. त्याला जन्मठेप झाली. मला कुणी विचारलं नाही, बाई तुला काय हवंय. मला एकच जाणून घ्यायचं होतं. माझा मुलगा पडला तो तिथंच गेला, की काही वेळ जिवंत होता? कारण ती गल्ली माझ्या खोलीच्या मागच्या भिंतीला लागून, आणि मी तेव्हा भिंतीच्या अलीकडे बसून तांदूळ निवडत होते, बरं का. कुणी नुसती हाक मारली असती तर धावले असते.

आणि मग इतक्या वर्षांनी एक मॅडम आली. कुठल्याशा संस्थेची, अंधेरीहून. पोरगी चांगली होती, गोड बोलायची. म्हणाली, आजी, तुरुंगात आम्ही कैद्यांच्या मनावर काम करतो. तो आता खूप बदललाय. चित्रं काढतो, ध्यान करतो, रात्री झोप लागत नव्हती ती लागते. तुम्ही भेटलात तर त्याला बरं व्हायला मदत होईल.

माझ्या अंगाची लाही झाली. त्याला झोप लागत नव्हती म्हणून सरकारच्या दारातून मॅडम आत गेली. माझी झोप उडाली तेव्हा कोण आलं होतं? मला कुणी चित्रं काढायला कागद दिला? मी तिला हे सगळं तोंडावर बोलले. ती म्हणाली, तुमचं बरोबर आहे आजी, पण तुमच्या धम्मात तर करुणा आहे ना. म्हटलं, करुणा मला शिकवू नकोस, पोरी. मी रोज पंचशील म्हणते आणि पहिल्याच शीलाला, जीव न घेण्याच्या, अडते, ते कुणामुळे?

तरी गेले. करुणेसाठी नाही. माझा प्रश्न घेऊन गेले.

तुरुंगातली ती खोली म्हणजे टेबल, खुर्च्या, दाराशी शिपाई. तो आला. केस पांढरे झालेले. बसला आणि सुरू झाला, मावशी, माझ्या हातून घडलेल्या कृत्याचा मला मनापासून पश्चात्ताप होतो. शाळेतल्या भाषणासारखं. मॅडम मान हलवत होती.

मी म्हटलं, "पाठ केलेलं राहू दे. तो पडला, मग काय झालं ते सांग."

मॅडमनं मला हातानं शांत करायला पाहिलं. मी तिच्याकडे बघितलंच नाही. तो टेबलाकडे बघत बोलला.

"हलत होता, मावशी. मी घरी पळालो, आईला सांगितलं. म्हटलं, तो हलतोय, कुणाला तरी बोलव. आईनं दार लावून घेतलं. म्हणाली, शर्ट काढ आणि गप्प बस."

"आणि तू बसलास."

"बसलो."

तो रडायला लागला. मला नाही रडू आलं. माझ्या तोंडात पिठल्याची चव आली, खरं सांगते. दाराआड पोराचा शर्ट धुतला, आणि दुसऱ्या दिवशी त्याच हातानं माझी हनुवटी धरली. भिंतीच्या अलीकडे मी तांदूळ निवडतेय, पलीकडे माझं लेकरू हलतंय, आणि हिनं कडी घातली.

घरी आले तर शेजारीण उंबऱ्यात माझीच वाट बघत होती. गुडघ्यांमुळे तिला आता जाता येत नाही त्याच्याकडे. विचारलं, भेटला का गं, वाळलाय का?

मी म्हटलं, "तो हलत होता म्हणाला."

तिनं चौकट धरली. कसला तो, कोण हलत होता, काही विचारलं नाही. मग पुटपुटली, "एकुलता एक होता गं माझा."

"माझे किती होते?"

मी आत गेले आणि त्या दिवसापासून तिच्या घरचा चहा, भाजी, काही माझ्या दारातून आत आलेलं नाही.

आठवड्यानं मॅडमचा फोन. आजी, आता थोडं हलकं वाटतंय का? म्हटलं, हलकं नाही वाटत, पोरी. आधी एकावर राग होता, आता दोघांवर आहे. पण त्यानं खरं सांगितलं, जे कोर्टानं कधी काढून घेतलं नाही, तेवढं मी मानते. आता पुढच्या वेळी एक खुर्ची जास्तीची मांड. त्याच्या आईला आणते. त्याच्यासमोर आणि माझ्यासमोर तिनं तोंडानं सांगायचं, कडी का घातली.

मॅडम गडबडली. म्हणाली, पण आजी, त्या यायला तयार आहेत का?

म्हटलं, तू रिक्षाचं बघ. तिला मी आणते. हनुवटी धरता येते मलाही.